ठाण्याच्या हवेत घराला लाकडी जमीन करावी की गालिचा?

कासारवडवली_१४
नमस्कार मंडळी. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या नव्या सदनिकेचा ताबा मिळाला असून दसऱ्याच्या सुमारास राहायला जाण्याचा विचार आहे. तीन शयनगृहांचे घर आहे, मजला चौदावा आहे आणि बिल्डरने सगळीकडे दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स बसवून दिल्या आहेत. टाइल्स शाबूत आहेत, पण घरात त्या कोणाच्याच मनात भरलेल्या नाहीत.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही काही वर्षे अमेरिकेत मिनेसोटा राज्यात होतो. तेथील घराच्या दिवाणखान्यात ओकची लाकडी जमीन होती आणि झोपण्याच्या खोल्यांत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा होता. तेव्हापासून यजमानांच्या डोक्यात ओक बसला आहे; घरभर खरे लाकूड घालायचे, असा त्यांचा आग्रह आहे. सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहून गेल्या होत्या आणि त्यांना गालिचाच आवडला होता, कारण टाइल्सवर चालले की त्यांचे गुडघे व टाचा दुखतात. माझे मत अजून ठरलेले नाही. घरात पहिलीतला मुलगा आहे, नुकती रांगू लागलेली मुलगी आहे, सासूबाई पंचाहत्तरीच्या पुढे आहेत आणि लादी पुसायला येणाऱ्या मावशींचा फडके पिळण्यावर फारसा विश्वास नाही. ठाणे, नवी मुंबई परिसरात ज्यांनी यांपैकी काही करून पाहिले आहे, त्यांनी अनुभव सांगावेत.

सानपाडा_सेक्टर
टाइल्स शाबूत आहेत ना? मग त्या तशाच ठेवाव्यात आणि उरलेल्या पैशांत सासूबाईंना उत्तम चपला घेऊन द्याव्यात. धागा संपला.

सुतारपक्षी
सानपाडा_सेक्टर यांचा सल्ला स्वस्त असला तरी अगदीच टाकाऊ नाही. मी अंतर्गत सजावटीची कामे घेतो, त्यामुळे प्रथम एक गोंधळ दूर करतो. आपल्याकडील दुकानांत ‘वुडन फ्लोअरिंग’ या एकाच नावाखाली चार निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि गिऱ्हाईक पहिलीचे वर्णन ऐकून तिसरी घेऊन घरी येते.

पहिली म्हणजे भरीव लाकूड. साधारण १८ ते २० मिलिमीटर जाडीची, आरपार एकाच लाकडाची फळी. अमेरिकेतील जुन्या घरांत असते ती हीच. दुसरे इंजिनिअर्ड लाकूड, ज्यात खाली प्लायसारखे एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले थर असतात आणि वर २ ते ६ मिलिमीटरचा खऱ्या लाकडाचा थर असतो. तिसरे लॅमिनेट. यात वरचे लाकूड म्हणजे लाकडाचे छायाचित्र असते. त्यावर मेलामाइनचा कठीण पारदर्शक थर आणि खाली दाबून घट्ट केलेल्या लाकडी भुशाची ८ किंवा १२ मिलिमीटरची पाटी. स्वीडनमधील पेरस्टॉर्प कंपनीने १९७७ साली हा प्रकार आणला. चौथे एसपीसी, म्हणजे चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांपासून केलेली ४ ते ६ मिलिमीटरची पट्टी. हिच्यात लाकूड नावालाही नसते आणि म्हणूनच तिला पाण्याचे भय नसते.

भरीव लाकूड रंधा मारून, घासून अनेकदा नवे करता येते. इंजिनिअर्डचा वरचा थर ३-४ मिलिमीटरचा असेल तर एक-दोन वेळा घासता येते. लॅमिनेट एकदा खरवडले की ती पट्टी बदलण्याखेरीज उपाय नाही. आपल्या यजमानांना यांपैकी नेमके काय हवे आहे, हे आधी विचारून घ्यावे.

आर्द्रतामापक
सुतारपक्षी यांच्या पहिल्या वस्तूविषयी थोडी आकडेमोड मांडतो, कारण या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच आहे.

लाकूड कितीही जुने झाले तरी हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. हवेची सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडातील पाण्याचे प्रमाण ९ टक्क्यांपाशी स्थिरावते. आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली की ते १७-१८ टक्क्यांपर्यंत चढते. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात ती दिवसचे दिवस ८५ टक्क्यांच्या आसपास असते, हे वाळत घातलेल्या कपड्यांना विचारावे. पाणी घेतलेले लाकूड लांबीला जवळपास वाढतच नाही, रुंदीला मात्र फुगते. १२ सेंटीमीटर रुंदीच्या भरीव ओकच्या फळीत पाण्याचे प्रमाण सहा टक्क्यांनी वाढले तर फळी २ मिलिमीटरहून अधिक रुंद होऊ शकते. तीन मीटर रुंदीच्या खोलीत अशा पंचवीस फळ्या बसतात, म्हणजे एकूण वाढ ५० मिलिमीटरच्या पुढे जाते. भिंतीलगत सोडतात ती फट ८-१० मिलिमीटरची. उरलेले लाकूड कोठे जाणार? ते मधोमध वर उचलले जाते.

पॉलिशमुळे हा वेग कमी होतो आणि प्रत्यक्षात सर्वच फळ्या पूर्ण फुगत नाहीत, हे मान्य आहे. पण कल कोणीकडे आहे हे यावरून लक्षात यावे. सागाचे आडवे आकुंचन-प्रसरण ओकच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, त्यामुळे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या साग वापरला गेला यात नवल नाही. इंजिनिअर्ड लाकडात आडवे-उभे थर एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून ते बरेच कमी हलते.

कासारवडवली_१४
ही आकडेमोड यजमानांना वाचून दाखवली. ते म्हणतात, मिनेसोटात उन्हाळा दमट आणि हिवाळा कोरडा असूनही ओक टिकत होता, मग येथे का टिकू नये?

मिनिआपोलिसकर
मी येथेच राहतो, म्हणून यजमानांच्या बाजूने आणि विरुद्धही बोलतो. ओक येथेही स्वस्थ बसत नाही. जानेवारीत घर तापवण्याची यंत्रणा दिवसरात्र चालू असते, हवा अतिशय कोरडी होते आणि फळ्यांमध्ये नखाची कड जाईल एवढ्या फटी दिसू लागतात. जूनमध्ये त्या मिटतात. लोक तळघरात आर्द्रता कमी करणारे यंत्र आणि हिवाळ्यात ती वाढवणारे यंत्र लावून हा खेळ आटोक्यात ठेवतात. शिवाय येथील घरांचा सांगाडाच लाकडी असतो: खाली तुळया, त्यावर प्लायवूड आणि त्यावर ओकच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या. ठाण्यात काँक्रीटच्या स्लॅबवर खिळे कोठे ठोकणार?

गालिच्याचेही तसेच आहे. उणे वीस अंशांत पहाटे पाय खाली ठेवायचा असतो, म्हणून झोपण्याच्या खोलीत गालिचा. तो लाकडापेक्षा स्वस्तही पडतो, त्यामुळे घरमालक भाड्याच्या घरांत सर्रास तोच घालतात. कासारवडवलीत थंडीमुळे पाय पोटाशी घ्यावे लागले, असे काही माझ्या ऐकिवात नाही.

येऊर_पायथा
गालिच्याचा अनुभव सांगते. आमचे घर उपवनच्या बाजूला आहे आणि पूर्वीच्या मालकांनी एका खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवून घेतला होता. उन्हाळ्यापर्यंत आम्हाला तो श्रीमंती वाटला. पाऊस सुरू झाल्यावर खोलीला असा कुबट वास येऊ लागला की, पाहुणे शिष्टाचार म्हणून खिडकीकडे तोंड करून बसत. व्हॅक्यूम क्लीनर फिरवला, खाण्याचा सोडा भुरभुरला, पंखा दिवसभर चालू ठेवला. वास तेवढ्यापुरता जाई आणि दोन दिवसांत परत येई. शेवटी कोपऱ्यातून गालिचा उचलला, तेव्हा खाली राखाडी बुरशीची नक्षी होती आणि खालचा फोम बोटाने चुरा व्हावा इतका कुजला होता. बाहेरच्या भिंतीतून ओल येत होती आणि गालिच्याने ती दिसू दिली नव्हती. तो काढण्याचा त्रास वेगळाच: गोंद टाइल्सवरून खरवडताना सुतार आणि मी, दोघेही सारख्याच तळमळीने पूर्वीच्या मालकांची आठवण काढत होतो.

आणि कासारवडवली_१४ ताई, आपल्या रस्त्यावर मेट्रो-४ चे काम किती वर्षे चालले आहे, हे मी आपल्याला सांगायला नको. ती सारी धूळ गालिच्यात येऊन बसते आणि तेथून परत जाण्याचे नाव घेत नाही.

श्वासपटल
मी श्वसनविकारांचा डॉक्टर आहे, म्हणून धुळीच्या मुद्द्यात भर घालतो. आपण ज्याला धुळीची ॲलर्जी म्हणतो, ती पुष्कळदा डोळ्यांना न दिसणाऱ्या धूळकिड्यांची ॲलर्जी असते. हे किडे पाणी पीत नाहीत. हवेतील बाष्प शरीरात ओढून घेतात. हवेची आर्द्रता सातत्याने ५० टक्क्यांच्या खाली राहिली तर ते तग धरत नाहीत, आणि ७०-८० टक्के आर्द्रता त्यांना मानवते. म्हणजे आपले चार महिने त्यांचा सुगीचा काळ असतो. त्यांना खायला माणसाच्या त्वचेचा गळालेला कोंडा लागतो आणि गालिच्याच्या लवेत तो भरपूर साठतो.

मात्र न्यायाने सांगायचे तर किड्यांचे सर्वांत मोठे आगर गालिचा नसून आपली गादी आणि उशी असते. गालिचा काढला आणि चादरी मात्र महिनाभर बदलल्या नाहीत, तर दम्याच्या रोग्याला फारसा लाभ होणार नाही. चादरी व अभ्रे आठवड्याला ५५-६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवावेत. रांगणारे मूल घरात असताना भिंतीपासून भिंतीपर्यंतचा गालिचा मी सुचवणार नाही, कारण मूल जमिनीपासून वीतभर उंचीवर श्वास घेते.

ऐरोली_कार्यालय
गालिच्यावर सगळे एकदम तुटून पडले आहेत, म्हणून त्याची वकिली करतो. ऐरोली, महापे येथील कंपन्यांच्या कार्यालयांत मजलेच्या मजले गालिच्याचे आहेत आणि ते वर्षानुवर्षे चांगले राहतात. तेथे चौरस तुकड्यांचा गालिचा असतो, खराब झालेला तुकडा तेवढा बदलता येतो. दुसरे म्हणजे आवाज. व्हिट्रिफाइड टाइल्सच्या रिकाम्या खोलीत चमचा पडला तरी भांडे फुटल्यासारखे वाटते. पाऊल, खुर्ची, खेळणे यांचा आघात गालिचा जागीच गिळतो, हे काम दुसरी कोणतीही जमीन इतके चांगले करत नाही.

श्वासपटल
कार्यालयाचे उदाहरण बरोबर आहे, पण तेथे दिवसभर वातानुकूलन असते, खिडक्या उघडत नाहीत आणि रोज रात्री सफाईचे पथक येते. घरी यांपैकी एक गोष्ट जरी नियमाने घडली तरी मी माझे म्हणणे सौम्य करीन.

तेराव्या_मजल्यावरून
कासारवडवली_१४ यांचा मजला चौदावा आहे, हे वाचून मी दचकलो. आमचे घर त्यांच्याच खाली असेल असे नाही, पण तेराव्या मजल्यावरील समस्त जनतेच्या वतीने माझे मत गालिच्याला आहे. आमच्या वरच्या घरातील चिरंजीव रात्री साडेदहाला क्रिकेटचा सराव करतात आणि मी ते सारे सामने छताकडे पाहत ऐकले आहेत.

सुतारपक्षी
आवाजाचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. खाली जाणारा आवाज कमी करायचा असेल तर लॅमिनेट किंवा इंजिनिअर्डच्या खाली घालतात तो अंडरले उपयोगी पडतो. परंतु स्वस्तातला २ मिलिमीटरचा पांढरा फोम घातला की, त्याच खोलीत चालताना ‘ठक ठक’ असा पोकळ आवाज येतो, कारण ती जमीन स्लॅबला चिकटलेली नसते, नुसती वर ठेवलेली असते. दुकानदार नमुन्याचा तुकडा हातात देतो, त्यामुळे हे दुकानात कळत नाही. ज्याच्याकडे असे काम झालेले आहे, त्याच्या घरी जाऊन चपला काढून चालून पाहावे.

वाडा_चिरेबंदी_नव्हे
लाकूड आपल्या हवेत टिकत नाही, हा सूर मला थोडा खटकतो. आमच्या कल्याणच्या जुन्या घरात माळ्याची जमीन सागाच्या फळ्यांची होती, तक्तपोशी म्हणत तिला, आणि ती कित्येक पावसाळे उभी-आडवी नांदली. पायांखाली ती किंचित लवत असे. पणजोबांपासून सगळे ज्या वाटेने चालत, तेथे फळी गुळगुळीत होऊन मध्ये थोडी खोलगट झाली होती. कोणी अनवाणी आले तरी पावलांवरून ओळखता येई. तेव्हा दोष लाकडाचा नसून आपण ते कोठे घालतो याचा आहे.

आर्द्रतामापक
हेच म्हणणे पुढे नेतो. त्या फळ्या तुळयांवर होत्या; वरून हवा आणि खालूनही हवा. दोन्ही अंगांनी सारखा ओलावा आत-बाहेर होत असल्यामुळे फळी वाकडी होत नाही. शिवाय फळ्या मोकळ्या बसवत आणि फटी राहिल्या तरी कोणाला त्याची खंत वाटत नसे. आज आपण तीच फळी स्लॅबवर, प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवतो, वरून पॉलिश करतो, सांध्यात केसही जाऊ नये अशी अपेक्षा धरतो आणि रात्री एसी लावून सकाळी खिडक्या उघडतो. लाकूड तेच असले तरी त्याच्याकडून आपण निराळे काम मागत आहोत.

मोझॅक_नेरूळ
थोडे विषयांतर होईल, पण जमिनीचाच विषय आहे. सिडकोने नेरूळ-वाशीत बांधलेल्या जुन्या घरांतील मोझॅकच्या लाद्यांबद्दल कोणी बोलत कसे नाही? आमच्याकडे त्या अजून आहेत. मशीनने घासून पॉलिश करून घेतल्या की, नव्यासारख्या होतात. मुंबईत भारत टाइल्स हा कारखाना १९२२ मध्ये सुरू झाला तो स्वदेशीच्या विचाराने, आणि त्या काळच्या नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या अनेक जुन्या इमारतींत आजही पाय सहन करीत आहेत. शहाबादी फरशी ही कर्नाटकातील शहाबादची आणि कोटा राजस्थानातील, दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांवर उन्हाळ्यात दुपारी नुसत्या चटईवर झोपण्यात जे सुख आहे, ते ओक देऊ शकेल का?

सानपाडा_सेक्टर
मोझॅक_नेरूळ यांना अनुमोदन. शिवाय मोझॅकवर सांडलेला पोहा सापडत नाही, हा मोठाच लाभ आहे. तो सापडला नाही म्हणजे सांडलाच नाही.

गुडघा_आणि_घोटा
मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि चर्चेत सासूबाई मागे पडल्या आहेत असे वाटते. गुडघे दुखतात म्हणून मऊ जमीन हवी, ही मागणी समजण्यासारखी आहे, पण वृद्धांच्या बाबतीत मला दुखण्यापेक्षा पडण्याची भीती अधिक वाटते. पडण्याची कारणे ठरलेली असतात: ओली गुळगुळीत टाइल, कडा वर उचललेला सुटा गालिचा, दोन खोल्यांच्या जमिनींमधील अर्ध्या इंचाची उंची आणि रात्रीचा अंधार. जाड लवेचा गालिचाही निर्धोक नसतो, कारण पाय ओढत चालणाऱ्यांची बोटे त्यात अडकतात आणि काठीचे टोक रुतते.

गुडघ्यांसाठी घरात घालायच्या, मागे पट्टा असलेल्या, जाड पण न घसरणाऱ्या तळाच्या चपला हाच पहिला उपाय आहे. सानपाडा_सेक्टर यांनी तो विनोदाने सांगितला असला तरी वैद्यकीयदृष्ट्या तो योग्यच आहे. लाकूड वा लॅमिनेट पायाला टाइलइतके गार लागत नाही आणि किंचित मवाळही वाटते. न्हाणीघरासमोर मात्र लाकूडही नको आणि सुटे पायपुसणेही नको. तेथे खडबडीत पृष्ठभागाची टाइल असावी.

सानपाडा_सेक्टर
आज प्रथमच या संस्थळावर माझा सल्ला कोणी शास्त्रशुद्ध ठरवला आहे. आभारी आहे.

समई_आणि_निरांजन
घर मराठी आहे, म्हणून एक घरगुती मुद्दा. देवघराजवळ लाकूड घालू नये. समईचे तेल ओघळते, अभिषेकाचे पाणी ताम्हनातून सांडते आणि हळद-कुंकवाचे बोट जमिनीला लागते. इंजिनिअर्ड लाकडावर हळदीचा डाग लगेच पुसला नाही तर पॉलिशमध्ये मुरतो. गणपतीत पाट मांडला की, त्याभोवती दिवसभर ओल असते. आमच्या परिचयातील एका घरी दिवाणखान्यात लॅमिनेट आहे. विसर्जनानंतर पाट उचलला तेव्हा खालच्या दोन सांध्यांच्या कडा फुगून वर आल्या होत्या, आणि फुगलेली पाटी वाळल्यावर पुन्हा खाली बसत नाही.

तेराव्या_मजल्यावरून
मावशींचे काय करणार, हा मूळ प्रश्न अजून कोणी सोडवलेला नाही.

येऊर_पायथा
तो सुटत नाही, त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. लाकडावर पाण्याने निथळणारे फडके चालत नाही. घट्ट पिळलेले मायक्रोफायबरचे फडके आणि फार तर लाकडासाठीचे सौम्य द्रव चालते. फिनेल नको. आपण दोन दिवस हे समजावून सांगतो, तिसऱ्या दिवशी मावशी रजेवर जातात आणि बदली बाई बादली घेऊन येतात. म्हणून जेथे रोज पाणी लागणार, तेथे पाणी सोसणारी जमीन ठेवावी. टाइल्सनी एवढे मात्र सिद्ध केले आहे. व्हिट्रिफाइड टाइल स्वतःच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते.

कासारवडवली_१४
सर्वांचे मनापासून आभार. सारे प्रतिसाद घरी एकत्र बसून वाचले. भिंतीपासून भिंतीपर्यंतच्या गालिच्याचा विषय संपला आहे. येऊर_पायथा यांच्या बुरशीच्या वर्णनानंतर सासूबाईंनीच तो मागे घेतला. यजमान भरीव ओकवरून इंजिनिअर्ड ओकपर्यंत खाली आले आहेत. आता विचार असा आहे की, दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर आणि सासूबाईंची खोली येथे आहेत त्या टाइल्स ठेवाव्यात आणि उरलेल्या दोन शयनगृहांत टाइल्स न फोडता त्यांवरच इंजिनिअर्ड लाकूड घालावे. एका खोलीला पश्चिमेची मोठी खिडकी व बाल्कनी आहे. यात काही अडचणी आहेत का? एसपीसीचाही विचार करावा का?

सुतारपक्षी
टाइल्सवर घालणे चालेल आणि फोडण्यापेक्षा ते बरेच. तोडफोड केली तर मलबा, उद्वाहनाचे भांडण आणि सोसायटीची परवानगी या तिन्ही गोष्टी वाढतात. अर्थात परवानगीचे पत्र तसेही आधी घ्यावेच, कारण कामाच्या वेळा आणि अनामत रक्कम प्रत्येक सोसायटीत वेगळी असते. काम सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

टाइल्स टिचकी मारून वाजवून घ्याव्यात. पोकळ वाजणारी टाइल पुढे हलते. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून खाली ३ मिलिमीटरपेक्षा अधिक फट दिसत असेल तर आधी पातळी करून घ्यावी, नाहीतर सांधे करकरतात. बाल्कनीलगत आणि न्हाणीघराच्या भिंतीलगत प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून दिवसभर ठेवावा. खाली दव जमले तर ओल आहे, आणि ओलीचा बंदोबस्त होईपर्यंत लाकडाचे नाव काढू नये. पेट्या आणल्या की लगेच बसवू नयेत, त्याच खोलीत दोन-तीन दिवस आडव्या ठेवाव्यात. शक्य असेल तर हे काम भर पावसाळ्यात टाळावे.

कपाटांचा क्रम महत्त्वाचा आहे. भिंतीला ठोकलेले जड कपाट तरंगत्या, म्हणजे स्लॅबला न चिकटवलेल्या, जमिनीवर उभे केले, तर ती तेथे खिळली जाते आणि फुगताना दुसरीकडे उचलली जाते. म्हणून आधी कपाट, मग त्याच्यापर्यंत जमीन. पश्चिमेच्या खिडकीपाशी ओकचा रंग उन्हाने बदलतो. पलंगाखालचा भाग वेगळा दिसू लागतो. जाड पडदे लावावेत. एसपीसीला पाण्याचे भय नाही, पण थेट उन्हात तापून ती पट्टीही प्रसरण पावते, तेव्हा फट तिलाही सोडावी लागते. मुलांच्या खोलीत पाण्याची बाटली रोजच उलटणार असेल तर मी तेथे एसपीसी घालीन आणि मोठ्यांच्या खोलीत इंजिनिअर्ड. हौस एका खोलीत पुरी होते.

वाडा_चिरेबंदी_नव्हे
वाळवीचे कोणी बोलले नाही. चौदाव्या मजल्यावर जमिनीतून येणाऱ्या वाळवीचा धोका कमी असला तरी तो शून्य नसतो. पाइपांच्या मार्गाने आणि जुन्या लाकडी सामानातून ती वर पोहोचते. बिल्डरने दिलेल्या चौकटी आधी तपासून घ्याव्यात.

श्वासपटल
आणि मऊपणा हवाच असेल तर सुटी सतरंजी घ्यावी, जी धुता येते. सोलापुरी सुती चादर किंवा सतरंजी पावसाळ्यात गुंडाळून ठेवता येते आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळवता येते. लोकरीचा गाठी मारलेला गालिचा घ्यायचा तर उत्तर प्रदेशातील भदोहीचा घ्यावा. त्याला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मात्र तो पावसाळ्यापूर्वी झटकून, उन्ह दाखवून, सुती कापडात गुंडाळून ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये नाही.

गुडघा_आणि_घोटा
सतरंजीच्या खाली न घसरणारी रबरी जाळी अंथरावी आणि सासूबाईंच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर काहीही अंथरू नये.

कासारवडवली_१४
एक शेवटची शंका. टाइल्सवर अंडरले आणि त्यावर १४ मिलिमीटरचे इंजिनिअर्ड लाकूड म्हणजे आमच्या खोलीची जमीन दिवाणखान्यापेक्षा दीड सेंटीमीटरहून अधिक उंच होणार. सासूबाई नातीला पाहायला त्या खोलीत दिवसातून अनेकदा येतात. गुडघा_आणि_घोटा यांनी याच उंचीचा इशारा दिला होता. तेथे काय करावे?

सुतारपक्षी
दारात सरळ उभी कड ठेवू नये. उतरती पट्टी मिळते, तिला दुकानात ‘रिड्यूसर’ म्हणतात. जितकी रुंद मिळेल तितकी घ्यावी, म्हणजे उतार सौम्य होतो. तिचा रंग लाकडाशी जुळवण्याचा मोह टाळावा आणि टाइलहून स्पष्ट वेगळी दिसेल अशी गडद पट्टी निवडावी, म्हणजे अंधुक उजेडातही ती डोळ्यांना कळते. पट्टी दाराच्या बरोबर खाली येईल असे माप घ्यावे. दरवाजा खालून तासावा लागेल. तो आधीच काढून तासून, कापलेल्या कडेला पॉलिश मारून परत बसवावा, कारण उघडी राहिलेली कड पहिल्याच पावसात फुगते आणि मग दार लाकडावर घासू लागते.

गुडघा_आणि_घोटा
त्या पट्टीपाशी भिंतीच्या खालच्या अंगाला पाऊल पडताच लागणारा छोटा दिवा बसवून घ्यावा. विजेचे काम चालू असतानाच सांगितले तर भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही.

तेराव्या_मजल्यावरून
आणि अंडरले जाड घ्यावा.